माध्यमांतील अर्थ व कथन : मीमांसेचे सिद्धांत

मजकूर, चित्र, ध्वनी, वास्तू, रंगप्रयोग वा चलच्चित्रपट यांच्या द्वारा अर्थ कसा व्यक्त होतो, घटनांना कथेचे रूप कसे प्राप्त होते आणि ग्राहक त्यातून काय घेतो, याचा पद्धतशीर विचार करणारे सिद्धांत. चिन्हमीमांसा, कथनमीमांसा, मिथकविचार आणि ग्राहकविचार या त्यांच्या चार प्रमुख शाखा होत. या सिद्धांतांची जडणघडण विसाव्या शतकात मुख्यतः रशिया, फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका या देशांत झाली. लोककथा, कादंबरी, वृत्तपत्र, जाहिरात, चित्रपट व दूरचित्रवाणी ही त्यांची मूळ अभ्याससामग्री. मराठी समीक्षेत त्यांचा परिचय बहुधा साहित्याच्या अंगाने झाला. त्यामुळे त्यांची परीक्षा प्रामुख्याने कविता आणि कादंबरी यांवर होत राहिली. प्रस्तुत नोंदीत ती परीक्षा पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या लगतच्या दोन तालुक्यांतील सामग्रीवर केली आहे. भीमा व घोड या नद्यांच्या या परिसरात सावकारी खतपत्र, तमाशाचा फड, छापील धर्मग्रंथ, एका स्त्रीची कबर आणि एक युद्धस्तंभ अशी परस्परांहून अगदी भिन्न माध्यमे अल्प अंतरात आढळतात. सिद्धांत कोठे उपयोगी पडतो व कोठे अपुरा ठरतो, हे अशा मिश्र सामग्रीवरच नीट कळते.

चिन्ह व संकेत : स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) याच्या व्याख्यानांवर आधारलेला ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिन्ह हे चिन्हक आणि चिन्हित यांच्या जोडीने बनते, ही जोडी नैसर्गिक नसून सांकेतिक असते आणि चिन्हाला मूल्य येते ते इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या वेगळेपणामुळे, ही त्याच्या विचाराची तीन सूत्रे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे निराळे वर्गीकरण केले. जे साम्याने बोध करते ते प्रतिमाचिन्ह, जे प्रत्यक्ष संबंधाने करते ते निर्देशचिन्ह आणि जे केवळ रूढीने करते ते प्रतीकचिन्ह. हे तीन वर्ग म्हणजे तीन स्वतंत्र कप्पे नव्हेत. एकाच चिन्हात तिन्ही अंगे एकत्र नांदू शकतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याने खतावर केलेली नांगराची निशाणी. ती नांगरासारखी दिसते, म्हणून ते प्रतिमाचिन्ह. ती त्या माणसाच्या हातून वा त्याच्या संमतीने कागदावर उतरते, म्हणून निर्देशचिन्ह. ती कुणबीकीची खूण म्हणून समाजात मान्य असते, म्हणून प्रतीकचिन्ह. मात्र एवढ्या विश्लेषणाने खताचा अर्थ संपत नाही. निशाणीच्या वर जो मजकूर असे, तो निशाणी करणाऱ्याला वाचता येत नसे. एकाच कागदावर दोन संकेतप्रणाली होत्या. एक सावकार व न्यायालय यांना अवगत असलेली आणि दुसरी केवळ संमतीची खूण म्हणून शेतकऱ्याकडे उरलेली. चिन्हव्यवस्था सर्वांच्या सामाईक मालकीची असते हे सोस्यूरचे गृहीत येथे लागू पडत नाही. ही व्यवस्था काहींच्या हाती असते व इतरांना तिच्याखाली निशाणी करावी लागते.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हता, हे १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनी दाखविले. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे या उठावाला तोंड फुटले. सुपे आज बारामती तालुक्यात असून जुन्या भीमथडीचा मोठा भाग दौंड तालुक्यात येतो. तत्पूर्वी, डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकाराविरुद्ध बहिष्काराची चळवळ झालेली होती. पुढे उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचे लक्ष्य बहुतेक ठिकाणी खतपत्रे व हिशेबाच्या वह्या हेच होते. सावकाराने कागद काढून दिले की, जमाव पुष्कळदा तेथेच थांबे. न वाचता येणाऱ्या मजकुराला उत्तर देण्याचा दुसरा मार्ग नसल्याने तो मजकूर जाळण्यात आला. माध्यमाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मोठे आहे. कारण कागद म्हणजे केवळ अर्थाचे वाहन नसून तो स्वतःच सत्तेचे साधन आहे, हे जाळणाऱ्यांना पूर्णपणे उमगलेले होते.

घटनाक्रम व कथनक्रम : रशियन रूपवाद्यांनी १९२० च्या सुमारास कथेतील दोन पातळ्या वेगळ्या केल्या. घटना ज्या क्रमाने घडल्या असे मानले जाते तो घटनाक्रम आणि त्या ज्या क्रमाने व ज्या निवडीने सांगितल्या जातात तो कथनक्रम. हाच भेद पुढे फ्रेंच संरचनावाद्यांनी व १९७८ मध्ये अमेरिकन समीक्षक सीमोर चॅटमन याने अधिक काटेकोर केला. झेरार झनेत याने १९७२ मध्ये क्रम, कालावधी, वारंवारता, दृष्टिकेंद्र आणि निवेदकस्वर ही कथनविश्लेषणाची पाच अंगे मांडली. त्यांपैकी दृष्टिकेंद्र व निवेदकस्वर यांचा भेद विशेष मोलाचा आहे. घटना कोण पाहतो आणि घटना कोण सांगतो, हे दोन प्रश्न वेगळे असून त्यांची उत्तरे एकच असतील असे नाही.

सावकारी खताला हा भेद लावला असता ते एक अत्यंत संक्षिप्त कथन असल्याचे दिसते. त्यात केवळ अखेरची घटना असते : अमुक इसमाने अमुक रक्कम घेतली. मूळ मुद्दल किती, व्याज कधी मुद्दलात मिळविले, जुने खत फिरवून नवे केव्हा केले, दिलेले धान्य कोणत्या भावाने धरले, हा सारा घटनाक्रम कथनाबाहेर राहतो. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालापाठोपाठ १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्यांची खते ग्रामनिबंधकासमोर करावीत, अशी तरतूद त्यात होती. तसेच न्यायालयाने खतावरील आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा, असेही त्यात ठरविले होते. कथनमीमांसेच्या भाषेत बोलावयाचे तर, कथनाच्या मागे जाऊन घटनाक्रम शोधण्याची जबाबदारी कायद्याने न्यायाधीशावर टाकली. कथनाची रचना ही न्यायाची बाब असते आणि काय वगळले हा प्रश्न काय सांगितले याइतकाच महत्त्वाचा असतो, याची ही ठळक साक्ष आहे.

याच कसोटीवर आयोगाचा अहवालही तपासावा लागतो. त्यात रयतेचे हाल आहेत, साक्षी आहेत, आकडेवारी आहे. तथापि निवेदकस्वर सरकारचा आहे. शेतकऱ्याचे बोलणे दुभाषी, लेखनिक व अधिकारी अशा टप्प्यांतून कागदावर आले. कर्जाच्या कारणांत सावकारी व्यवहाराला किती जागा द्यावी आणि सरकारी शेतसाऱ्याला किती, हा निर्णयही निवेदकाच्याच हाती होता. येथे पाहणारा शेतकरी असला, तरी सांगणारा तो नाही.

कथेची रचना : व्ह्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये शंभर रशियन परीकथांचा अभ्यास करून त्यांत एकतीस कार्ये व सात प्रकारची पात्रक्षेत्रे आढळतात, असे दाखविले. पात्रांची नावे व वेश बदलतात, कार्ये मात्र स्थिर राहतात, हा त्याचा निष्कर्ष. क्लोद लेव्ही-स्त्रोस याने १९५५ मध्ये मिथकांच्या मुळाशी असलेल्या विरोधी जोड्यांकडे लक्ष वेधले. त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९६९ मध्ये ‘कथनशास्त्र’ या अर्थाची संज्ञा योजिली. समतोल, त्याचा भंग आणि नवा समतोल अशी कथेची गतीही त्याने सांगितली. भरताच्या नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण या पंचसंधींशी या विचाराचे नाते सहज जुळते. मात्र भरताची मांडणी प्रेक्षकाच्या रसानुभवाशी बांधलेली आहे, तर संरचनावाद्यांची मांडणी प्रेक्षकाला प्रायः वगळते.

ही उणीव तमाशाच्या बाबतीत विशेष जाणवते. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी व वग हे ढोलकी-फडाच्या तमाशाचे रूढ टप्पे. वगाला प्रॉपची कार्ये लावता येतात. राजा असतो, प्रधान असतो, कपट होते, वियोग घडतो, परीक्षा होते व अखेर न्याय मिळतो. मात्र असे कोष्टक मांडून झाल्यावर हाती जे उरते, त्यासाठी प्रेक्षक फडाला आलेला नसतो. सोंगाड्या कथा मध्येच थांबवतो, राजाला गावच्या भाषेत जाब विचारतो, चालू काळातील पुढाऱ्याला वा भाववाढीला चिमटा काढतो आणि पुन्हा कथेत शिरतो. प्रॉपच्या दृष्टीने ही भर होय. प्रेक्षकाच्या दृष्टीने तोच प्रयोगाचा गाभा असतो. वगाची संहिता तीच राहूनही प्रत्येक गावी अर्थ निराळा होतो, कारण सोंगाड्याचे बोलणे त्या गावाला उद्देशून असते. रचनेचा सांगाडा आवश्यक आहे, परंतु प्रयोगप्रधान माध्यमात तो अर्थाचा निर्णायक घटक नव्हे.

पुणे–सोलापूर मार्गावरील दौंड तालुक्यातील चौफुला हे संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. संगीतबारीत वग नसतो. लावणी, अदाकारी आणि बैठक यांना महत्त्व असते. कोणती लावणी केव्हा व्हावी, हे पुष्कळदा प्रेक्षकाच्या फर्माइशीवर आणि दौलतजाद्यावर ठरते. येथे १९७५ मध्ये लॉरा मल्वी हिने मांडलेला नजरेचा सिद्धांत प्रथमदर्शनी तंतोतंत लागू पडतो. रूढ चित्रपटात पुरुष पाहणारा व स्त्री पाहिली जाणारी असते आणि कॅमेऱ्याची नजर पुरुषाच्या नजरेशी एकरूप होते, असे ती म्हणते. तथापि बैठकीत कॅमेरा नसतो. लावणी करणारी कलावती समोरच्या माणसाकडे पाहते, त्याला शब्दांत पकडते, त्याची थट्टा करते, त्याच्या नजरेला उत्तर देते. या प्रतिउत्तराला मल्वीच्या आराखड्यात जागा नाही. म्हणून बैठकीत स्त्री स्वतंत्र असते, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे होईल. पैसा कोणाच्या हातून येतो व जातीचा आणि कुलाचा शिक्का कोणावर बसतो, हे प्रश्न नजरेच्या देवाणघेवाणीने सुटत नाहीत. नजरेचा विचार उपजीविकेच्या विचाराशी जोडल्याखेरीज तो अर्धवट राहतो.

तमाशाचे जीवन चित्रपटात आले तेव्हा निवेदनाचे केंद्र सरकले. व्ही. शांताराम यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटात तमाशातील नर्तकीच्या सहवासात एका आदर्श शिक्षकाचा अधःपात होतो. समतोल म्हणजे शिक्षकाची प्रतिष्ठा, भंग म्हणजे फडाचे गावात येणे, अशी त्याची बांधणी आहे. फडाच्या बाजूने हीच कथा सांगितली, तर समतोल आणि भंग यांच्या जागा बदलतील. गावाचा विरोध हाच भंग ठरेल. तोदोरोव्हचे सूत्र वापरताना समतोल कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे. ते न विचारता केलेले विश्लेषण कथेतील प्रतिष्ठितांचा पक्ष नकळत स्वीकारते.

अभिप्रेत वाचक : संहिता आपल्या वाचकाची एक प्रतिमा आधीच धरून चालते, असे जर्मन समीक्षक व्होल्फगांग इझर याने १९७२ मध्ये प्रतिपादिले. संहितेत रिक्त जागा असतात व त्या भरीत वाचक अर्थ पूर्ण करतो, असेही त्याचे म्हणणे आहे. यांपैकी पहिल्या विचाराचे ठळक उदाहरण दौंड तालुक्यातील केडगाव येथे सापडते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तेथील मुक्तिसदनात राहून हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्थेतील स्त्रियांनी चालविलेल्या छापखान्यात ते छापले गेले आणि संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीही बायबलची मराठी भाषांतरे उपलब्ध होती. परंतु रमाबाईंना अभिप्रेत असलेली वाचक निराळी होती. दुष्काळातून आलेली, जेमतेम अक्षरओळख झालेली सामान्य स्त्री डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी सोपी मराठी योजिली. संस्कृत पांडित्याबद्दल ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेल्या विदुषीने हा निर्णय घ्यावा, यातच त्याचा अर्थ आहे. खतपत्राने ज्या निरक्षर माणसाला मजकुराबाहेर ठेवले होते, त्याच थरातील स्त्रीला या ग्रंथाने वाचक मानले. एवढेच नव्हे, तर खिळे जुळविण्याच्या कामात तिला माध्यमाची कारागीरही केले. अभिप्रेत वाचक ही संकल्पना इझरने शैलीपुरती योजिली; केडगावचे उदाहरण ती छपाईच्या श्रमापर्यंत न्यावी लागते, हे दाखविते.

रिक्त जागा व त्यांची पूर्ती : इझरच्या दुसऱ्या विचारासाठी शिरूर तालुक्यातील पाबळचे उदाहरण घेता येईल. पहिला बाजीराव (१७००–४०) याच्या जीवनाशी जोडल्या गेलेल्या मस्तानीची कबर येथे आहे. बाजीरावाचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे झाला व त्याच वर्षी मस्तानीचाही अंत झाला. तिच्या जन्माविषयी आणि मृत्यूविषयी परस्परविरोधी कथा प्रचलित आहेत. तिच्या स्वतःच्या शब्दांतील वृत्तांत मात्र नाही. कबरीला कोणी कबर म्हणतो, कोणी समाधी. नावाच्या निवडीतच एक कथन सुरू होते.

ना. सं. इनामदार यांच्या राऊ (१९७२) या कादंबरीने ही रिक्त जागा एका प्रकारे भरली. त्या कादंबरीवर आधारलेल्या, संजय लीला भन्साळी दिग्दर्शित बाजीराव मस्तानी (२०१५) या हिंदी चित्रपटाने ती दुसऱ्या प्रकारे भरली. चित्रपटाने दोघांचे मरण आलटून-पालटून दाखवून एकाच क्षणात गुंफले. दूर अंतरावरील दोन घटना संकलनाने जोडताच त्यांच्यात कार्यकारणाचा आणि प्रेमाच्या पूर्ततेचा संबंध भासू लागतो. हे चित्रपट या माध्यमाचे स्वाभाविक सामर्थ्य होय. काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखविणाऱ्या ‘पिंगा’ या गीतदृश्यावर त्या वेळी आक्षेप घेतले गेले. तो वाद पेशवेघराण्यातील स्त्रियांच्या मर्यादेभोवती फिरला. मस्तानीला पुण्यात जे भोगावे लागले, त्याचे कथन कोणी व कोणाच्या बाजूने केले, हा अधिक मूलभूत प्रश्न त्या वादात मागे पडला. रिक्त जागा वाचक भरतो, हे इझरचे म्हणणे खरे आहे. परंतु रिक्त जागा कशा निर्माण होतात, कोणाचे बोलणे नोंदले जात नाही म्हणून त्या उरतात, याचा शोध तो घेत नाही. इतिहासातील मौन हे कलात्मक मौनाहून निराळे असते व समीक्षकाने त्या दोहोंची गल्लत करू नये.

मिथक व ग्रहण : रोलां बार्त याने १९५७ मध्ये मिथकाचा आधुनिक सिद्धांत मांडला. एखादे पूर्ण चिन्ह दुसऱ्या पातळीवर नव्या अर्थाचे चिन्हक बनते आणि इतिहासात घडलेली गोष्ट निसर्गसिद्ध भासू लागते, असे त्याचे विवेचन आहे. ब्रिटनमधील स्ट्यूअर्ट हॉल याने १९७३ मध्ये संकेतन व विसंकेतन यांचा सिद्धांत मांडला. संदेश तयार करणाऱ्याने घातलेला अर्थ ग्राहकाकडे तसाच पोहोचत नाही. ग्राहक तो मान्य करतो, वाटाघाटीने अंशतः स्वीकारतो किंवा विरोधी भूमिकेतून निराळाच लावतो, असे तीन पर्याय त्याने सांगितले. हे दोन्ही सिद्धांत दूरचित्रवाणीच्या शेकडो कार्यक्रमांपेक्षाही अधिक स्पष्टपणे भीमाकाठच्या एका दगडी स्तंभावर तपासता येतात.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे ८०० सैनिकांची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा (ता. शिरूर) येथे तिची दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फार मोठ्या सैन्याशी गाठ पडली. दिवसभर लढाई झाली. पेशव्याचे सैन्य गाव पूर्णपणे घेऊ शकले नाही व पुढे निघून गेले आणि कंपनीची तुकडी शिरूरला परतली. या लढाईचे स्मारक म्हणून कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभाचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. लढाईच्या गावाचे नाव मिरविणारा हा स्तंभ नदीपलीकडे पेरणे (ता. हवेली) येथे आहे. त्यावर इंग्रजी आणि मराठी लेख असून मृत व जखमी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार सैनिकांची, अनेक नावे आहेत.

स्तंभात घातलेला अर्थ स्पष्ट होता : कंपनीचा पराक्रम आणि तिच्याशी इमान राखणाऱ्यांचा गौरव. बार्तच्या परिभाषेत, सैनिकांची नावे ही दुसऱ्या पातळीवर साम्राज्याच्या न्याय्यतेची चिन्हके झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद करण्यात आली, तेव्हा तीच नावे साम्राज्याला त्याच्या विस्मृतीची आठवण करून देणारा पुरावा बनली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभाला भेट दिली. त्यानंतर हे स्थळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शौर्याचे व स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून दृढ झाले. दरवर्षी १ जानेवारीला तेथे मोठा जनसमुदाय अभिवादनासाठी जमतो. दुसऱ्या बाजूस, परकीय सत्तेचा विजय साजरा का करावा, असा राष्ट्रवादी आक्षेपही घेतला जातो. इतिहासकारांमध्ये लढाईच्या लष्करी निष्पत्तीविषयी व पेशव्याच्या सैन्याच्या घडणीविषयी मतभेद आहेत. त्या सैन्यात अरबांसारखे भाडोत्री शिपाई होते, ही गोष्टही कथनाच्या सोयीनुसार कधी पुढे आणली जाते, कधी मागे ठेवली जाते.

हॉलच्या तीन भूमिका येथे ओळखता येतात, पण त्या अपुऱ्या पडतात. १९२७ नंतरचे ग्रहण हे साम्राज्याच्या अर्थाला विरोधी आहे आणि त्याच वेळी त्याच लेखातील नावांवर, म्हणजे संदेशाच्याच एका भागावर, ते उभे आहे. ते स्तंभ नाकारीत नाही. स्तंभाचा निवेदक बदलते. शिलालेखात जे नामोल्लेखापुरते होते, ते कथेचे नायक होतात. हॉलचा ग्राहक संदेशाचा अर्थ लावतो. येथील ग्राहक स्वतः निवेदक होतो. बार्तच्या सिद्धांतालाही येथे दुरुस्ती हवी. मिथक इतिहास झाकते असे तो म्हणतो. मात्र ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांच्या बाबतीत मिथक हा इतिहासाचा दरवाजा ठोठावण्याचा मार्गही असू शकतो. अर्थात असे कथनही तथ्यांच्या तपासणीपासून मुक्त नाही. संख्या, घटना व कारणे यांविषयीचे प्रश्न प्रतीकाच्या पावित्र्यामुळे विचारताच येऊ नयेत, ही भूमिका अभ्यासाला मान्य होणारी नाही. त्याचप्रमाणे लष्करी निष्पत्ती संदिग्ध होती, म्हणून स्वाभिमानाचा अर्थ खोटा ठरतो, हा युक्तिवादही टिकणारा नाही. पहिला प्रश्न घटनाक्रमाचा आहे, दुसरा ग्रहणाचा.

या दोन प्रश्नांची गल्लत किती महाग पडते, हे द्विशताब्दीच्या वेळी दिसून आले. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस जवळच्या वढू बुद्रुक (ता. शिरूर) येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या अंत्यविधीसंबंधीच्या परस्परविरोधी कथनांमुळे एका फलकावरून तेढ निर्माण झाली. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. त्यात एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचे पडसाद राज्यभर उमटले. फलक, शिलालेख, ध्वनिचित्रफिती आणि मोबाइलवरून फिरणारे मजकूर ही त्या दिवसांतील माध्यमे होती. संदर्भापासून तुटलेला एखादा तुकडा, सांगणारा अज्ञात असूनही, संपूर्ण कथा म्हणून स्वीकारला जातो, हे अशा मजकुरांचे वैशिष्ट्य होय. कथनाचा निवेदक लपला की, त्याला जाबही विचारता येत नाही.

मूल्यमापन : वरील सिद्धांतांची एकत्रित तपासणी केली असता त्यांच्या सामर्थ्याबरोबर एक सामाईक मर्यादाही दिसते. संहिता ही स्वयंपूर्ण वस्तू मानून तिच्या घटकांचे पृथक्करण करण्याकडे संरचनावादी परंपरेचा कल आहे. ग्राहकविचाराने ही मर्यादा ओलांडली, तथापि त्याने ग्राहकाला बहुशः अर्थ घेणाऱ्याच्या भूमिकेतच ठेवले. खत जाळणारी रयत, सोंगाड्याला बोलते करणारा गाव, छापखान्यात खिळे जुळविणारी स्त्री आणि स्तंभावरील नावांना आपला पूर्वज मानणारा समुदाय हे या दोन्ही चौकटींत नीट बसत नाहीत. ते कथनव्यवहारातील भागीदार आहेत. कथन ही वस्तू नसून व्यवहार आहे, असे मानल्यासच त्यांचे स्थान कळते.

या दृष्टीने भारतीय काव्यशास्त्राचे स्मरण उचित ठरेल. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनिसिद्धांत मांडला. पुढे मम्मटाने व्यंजित अर्थ ठरविणाऱ्या घटकांत वक्ता, ज्याला उद्देशून बोलणे आहे तो श्रोता, स्वरातील काकू, प्रसंग, देश आणि काल यांची गणना केली. कोण, कोणाला, कोठे व केव्हा बोलतो हे कळल्यावाचून अर्थ लागत नाही, हे तत्त्व येथे स्पष्टपणे नोंदलेले आहे. मात्र या परंपरेतील आदर्श श्रोता हा संस्कारित सहृदय होता. निशाणी करणारा शेतकरी, फडासमोर बसलेला प्रेक्षक किंवा ‘नाक’ प्रत्ययाच्या नावात स्वतःला शोधणारा माणूस तिच्या विचारकक्षेत नव्हता. म्हणून पाश्चात्त्य सिद्धांत जसेच्या तसे स्वीकारणे जितके अपुरे, तितकेच आपल्याकडे सारे आधीच होते असे म्हणणेही निरर्थक आहे.

माध्यमसंहितेच्या अभ्यासात रचनेचे कोष्टक मांडण्यापूर्वी निवेदक कोण, अभिप्रेत श्रोता कोण, घटनाक्रमातून काय वगळले आणि समतोल कोणाचा मानला, हे चार प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाण्यास सांगितले होते. समीक्षेचे कर्तव्य त्याहून फारसे निराळे नाही. शाळा-महाविद्यालयांतून माध्यमशिक्षण देताना या प्रश्नांची सवय लावणे अधिक फलदायी होईल. परिभाषा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, आपल्या तालुक्यातील एखादा शिलालेख, वग वा फिरता मजकूर समोर ठेवून हे चार प्रश्न विचारणारा विद्यार्थी या सिद्धांतांच्या अधिक जवळ पोहोचलेला असतो.